तक्रार: छातीत दुखणे

मे महिन्यातली दुपार, पारा सेहेचाळीसवर.
फोनवर नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला
आणि वाळ्याचा ओला वास तेवढा खोलीत उभा राहिला.
वर गच्चीवर देवमन, माझा मोठा भाऊ,
कठड्यावर बसलेला, पाय टिमकीच्या गल्लीकडे सोडून,
मीटरचे आकडे मोठ्याने वाचत.
एकवीस वर्षं त्याने हीच नोकरी केली.
आता समोर एकही मीटर नाही, तरी आकडे येतात.

फोनवरची मुलगी चांगली होती, हे आधी सांगते.
ताई म्हणाली मला.
श्वास चालू आहे?
चालू आहे.
रक्त?
नाही.
शुद्धीत आहेत?
काय सांगू बाई, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.
ती थांबली. मग हळूच,
मानसिकची केस आहे का, ताई?

अंगावर येत असतील तर पोलिसांना कळवा,
येत नसतील तर तुम्हीच घेऊन या.
मी म्हटलं, कठड्यावर आहे तो.
धड अंगावर नाही, धड आवाक्यात नाही.
एवढ्यासाठी तिच्याकडे रकाना नव्हता.

चौकात ऑटोवाले दिवसभर ओरडतात,
पागलखाना, पागलखाना, एक सीट!
आमच्या नागपुरात तो चौक आहे, बसचा थांबा आहे,
त्याच्या पुढे डावीकडे माझ्या मावसबहिणीचं सासर आहे.
सगळे जातात तिकडे. कोणाला काही वाटत नाही.
ज्याला खरंच जायचं होतं
त्याच्यासाठी सीट नव्हती.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा आवाज पुरुषाचा.
वय त्रेपन्न, म्हटलं. छातीत दुखते. घाम सुटला.
घाम खरा होता.

अकरा मिनिटांत सायरन.

मसराम नावाचा माणूस जिना चढून आला, पेटी घेऊन,
त्याने देवमनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"काऊन खोटं सांगितलं, बाई?"
बाही वर केली. दंडावर अर्धगोल, दातांचा, जुना.
"कामठी रोडवर. चालत्या गाडीत. मागे मी एकटा.
इंजेक्शनं बी मीच घेतली, रजा बिनपगारी गेली.
अन् आत्ता गोळीबार चौकात
कोणाची छाती खरंच दुखून राह्यली असंन,
तं त्याले काय सांगू? गाडी कुठं हाये?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.
खालून बाया माना वर करून पाहत होत्या,
एकीने पोराचे डोळे झाकले होते.

तेवढ्यात देवमन आकडे थांबवून बोलला,
मान न वळवता,
"दुखते ना. खोटं नाही बोलली ते."

मसराम काही वेळ तसाच. मग पेटी खाली ठेवली,
गच्ची तव्यासारखी, तरी मांडी घालून बसला,
आणि म्हणाला, "भाऊ, माह्या घरचं बिल लय येऊन राह्यलं.
दोन पंखे, एक टीव्ही. पाहता का जरा?"
"मागचं रीडिंग?"
"आठ हजार चारशे बारा."
"आत्ताचं?"
मसरामने काहीतरी सांगितलं.
देवमनने बोटांवर वजाबाकी केली.
वजाबाकी करायला तो आत वळला.
एक पाय आत. बराच वेळ एकच.
मग दुसरा.

गाडीत कागद भरायचा होता. तक्रार, असा रकाना.
पेन तिथे टेकलं आणि थांबलं,
रेल्वे पूल ओलांडेपर्यंत थांबलंच होतं.
मग त्याने लिहिलं, छातीत दुखणे.
माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला,
निधनवार्ता, गोळीबार चौक, वेळ दुपारची.
कोणी सापडलं नाही.
सगळेच काही पेपरात येत नाहीत.

वॉर्डात देवमन आता झोपतो.
जाग आली की विचारतो,
त्या भावाचं बिल कमी आलं का?
मसरामचा पत्ता माझ्याकडे नाही, नंबर नाही.
आलं, म्हणते मी.
बरंच कमी आलं.